ऑल्टर केलेला कोट

कपडे उसवणाऱ्या माणसाला लोकांची गुपितं न विचारता कळतात. कुणाचं पोट सुटलं, कुणाची झोप उडाली, कोण थोरल्या भावाचे कपडे अजून वापरतंय, ते शिवणीच्या आतल्या बाजूला दिसतं. लाँड्रीच्या काचेमागे मशीन मांडून बसलेल्या ताईला ते सगळं दिसायचं, आणि ती त्यातलं अवाक्षर कुणाला सांगायची नाही. लाँड्रीचे मालक तिला डॉक्टरीणबाई म्हणत. "पोट उघडायचं, आतलं नीट करायचं, टाके घालून घरी पाठवायचं. फरक इतकाच, की आमच्या डॉक्टरीणबाईंचा पेशंट ओरडत नाही, त्याचा मालक ओरडतो," असं ते नव्या गिऱ्हाइकाला ठरलेलं सांगत आणि आपणच हसत.

तिच्या डोक्याच्या वर काचेवर 'ऑल्टरेशन' असं रंगवलेलं होतं. आतून बघणाऱ्या ताईला ती अक्षरं उलटी दिसत. तो शब्द तिने कधी वाचला नव्हता, नुसता वापरला होता. "ऑल्टर करून देते, गुरुवारी या." एवढं इंग्रजी तिला आजवर पुरलं होतं.

हे काम तिला आईकडून आलं. आईचा एकच नियम होता. कपडा लहान करायचा तर जास्तीचं कापड आत दुमडायचं, कापायचं नाही. शिवणीच्या आत राहिलेल्या त्या कापडाला शिवणाऱ्या बायका माया म्हणतात. "अंग काय, आज आहे तसं उद्या राहतं होय? कपड्याला परत यायला वाट ठेवावी," असं आई म्हणायची. दोघी मुलींना ती शिवलेला कपडा हातात द्यायची आणि डोळे मिटून आत बोटं फिरवायला लावायची. सांगा, किती माया ठेवलीय? एक बोट, दीड बोट, दोन बोटं. पुढे ताई शिवणकामात पडली आणि धाकटी कधी सुईच्या वाटेला गेली नाही, पण त्या खेळात दर वेळी धाकटीच जिंकायची. तिची बोटं आईसारखी होती. पाठसुद्धा. रुंद, भरलेली, मागून बघितलं तर आईच चालल्यासारखी.

धाकटी बरीच वर्षं दुसऱ्या गावाला होती. या शरद ऋतूत तिच्या नवऱ्याची नोकरी संपली आणि दोघं परत आली, ताईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. आली त्याच आठवड्यात तिने ताईला वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या इंग्रजीच्या वर्गात ओढून नेलं.

"या वयात?" ताई म्हणाली.

"मग कुठल्या वयात? तुझी गिऱ्हाइकं बोलतात आणि तू नंदीबैलासारखी मान हलवतेस. मी बघितलंय काचेतून."

वर्ग दुपारचा होता. लांब टेबल, सात-आठ बायका, आणि नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली एक मुलगी, जिला सगळ्या मॅडम म्हणत, अगदी तिच्या आईच्या वयाच्या बेकरीवालीसुद्धा. मॅडम दर आठवड्याला एकच क्रियापद घ्यायच्या. एक नीट पचलं की दुसरं, असं त्यांचं म्हणणं. उसनं मागणं झालं, आणणं झालं, विसरणं झालं. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं: ऑल्टर.

ताई हसली. ओळखीचं माणूस अनोळखी गावात भेटावं तसं तिला झालं.

"बदलणं म्हटलं की आपल्या तोंडात चेंज येतं," मॅडम म्हणाल्या. "ते कशालाही चालतं. नोकरी चेंज, घर चेंज. जुनं टाकून नवं घेतलं तरी चेंजच. ऑल्टर तसं नाही. ऑल्टरमध्ये वस्तू तीच राहते. तिच्यात आपण थोडा फरक करतो. बाही आखूड केली, बेत जरा पुढे ढकलला. पण कोट तोच, बेत तोच."

"मॅडम, माझी बहीण हेच करते!" धाकटी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आमच्या ताईचा धंदाच ऑल्टरचा."

सगळ्या ताईकडे बघून हसल्या. ताईचं हसू मात्र मघाशीच विझलं होतं. कोट तोच राहतो, हे वाक्य मॅडमनी उदाहरण म्हणून सहज टाकलं होतं, पण ते येऊन बरोबर तिच्या छातीवर बसलं.

"पुढच्या वेळी प्रत्येकीने ऑल्टरचं एक वाक्य आणायचं," मॅडम म्हणाल्या. "आपल्या घरातलं आणि खरं. पुस्तकातलं नको हं, मला कळतं."

जिना उतरताना धाकटीने ताईचा हात धरला. बराच वेळ ती हवेबद्दल, बाजारातल्या गर्दीबद्दल बोलत राहिली. मग कोपऱ्यावर थांबली.

"ताई, मला वाक्य सापडलं. आईचा कोट."

ताईने पुढे पाऊल टाकलं, पण धाकटीने तिचा हात सोडला नाही.

"आल्यापासून विचारीन म्हणते. ताकाला जाऊन भांडं लपवतेय झालं. फोनवर आई म्हणायची ना, कोट तुझा आणि मशीन मोठीचं. पण मागू कोणत्या तोंडाने? तिच्या आजारपणात मी आले नाही. आज निघते, उद्या निघते करत राहिले आणि..." तिने ओठ दाबले. "तू सगळं केलंस. म्हणून म्हटलं, तू आपणहून देशील तेव्हा. पण आता थंडी पडायला लागलीय. तो मला घट्ट होईल, मला माहितीय. तू सैल करून देशील ना?"

"बघते," ताई म्हणाली. "वरच्या पेटीत आहे. काढावा लागेल."

कोट वरच्या पेटीत नव्हता. तो कपाटात, खालच्या खणात, चादरीच्या घडीखाली होता. धाकटी परत येणार हे कळलं त्या दिवशी ताईने तो तिथे दडवला होता. गेले दोन हिवाळे तो तिच्या अंगावर होता.

बाटलीसारखा गर्द हिरवा, जाड लोकरीचा. आईने स्वतःसाठी बेतलेला तो एकमेव कपडा. बाकी जन्मभर ती लोकांचेच शिवत होती. शेवटच्या दिवसांत, बोलायला धाप लागायची तेव्हा, आईने ताईला जवळ बोलावलं होतं. "धाकटीला कोट सैल करून दे. तिची पाठ माझ्यावर गेलीय. माया आहे आत, भरपूर ठेवलीय." एवढंच. ताई तेव्हा तिच्या अंगाखालची चादर बदलत होती. महिनोन्महिने बदलत होती. आणि आईच्या तोंडी नाव कुणाचं, तर जी आली नाही तिचं.

आई गेल्यावर थंडी आली. ताईने कोट अंगावर घातला तर ती त्यात हरवली. काखेखालून उतरणारी कुशीची टीप उसवली, पाठीची उसवली, खडूने नवी रेघ मारली. इथपर्यंत ठीक होतं. जास्तीचं कापड आत दुमडून, दाबून इस्त्री केली असती तर लोकर बसली असती. थोडी फुगली असती, एवढंच. ताईने कात्री घेतली.

नवरा शेजारच्या खोलीत घड्याळ उघडून बसला होता. निवृत्त झाल्यापासून तो लोकांची बंद घड्याळं चालू करायचा. तो तिथूनच म्हणाला, "कात्रीचा आवाज वेगळा येतोय गं."

"जाड कापड आहे," ती म्हणाली.

ते खोटं नव्हतं. पण दोरा कापायची कात्री आणि कापड कापायची कात्री यांचा आवाज त्याला तीस वर्षांच्या संसारात कळायला लागला होता, आणि तो पुढे काही बोलला नाही हेही तिला कळलं होतं. कापलेल्या पट्ट्या तिने आणखी बारीक कातरल्या आणि टाचण्यांच्या उशीत भरल्या. लोकरीत टाचण्यांना गंज चढत नाही. तेव्हापासून लाँड्रीत बसून दिवसभर ती त्या उशीत टाचण्या खुपसायची आणि उपसायची.

कोट तिला सुरेख बसला. गिऱ्हाइकं म्हणाली, मापाचा दिसतो. पहिल्या हिवाळ्यात तिला ते ऐकून बरं वाटलं. दुसऱ्या हिवाळ्यात कुणी म्हटलं की ती विषय बदलायची. आणि आता धाकटी आल्यापासून ती एकावर एक दोन स्वेटर घालून कामावर जात होती. "कांदा झालीस," नवरा म्हणाला. "किती पापुद्रे आहेत आत?" ती हसली नाही.

त्या आठवड्यात ताईने काय काय केलं नाही! कापडाच्या पेठेत तसल्या हिरव्याचा तुकडा शोधला. एक जवळचा मिळाला, पण उजेडात नेला तर निळसर पडला. टाचण्यांची उशी उसवून आतले तुकडे टेबलावर पसरले. अंगठ्याएवढा मोठासुद्धा एक नव्हता. ते जोडून पट्टी करणं म्हणजे चुऱ्यातून पुन्हा भांडं घडवण्यातला प्रकार. तिने ते परत उशीत भरले. उशी शिवताना एक टाचणी नखाखाली गेली, आणि तिने ते बोट तोंडात धरलं. कोट हरवला म्हणावं, असंही मनात आलं. कसर लागली म्हणावं. लाँड्रीत जळाला म्हणावं. पण खोटं शिवायला बसलं की त्यालाही अस्तर लागतं, बटणं लागतात, आणि ताई त्यात कच्ची होती.

वर्गाचा दिवस आला. टेबलाच्या त्या टोकापासून वाक्यं सुरू झाली. बेकरीवाली उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माय हजबंड इज नॉट ऑल्टरिंग."

हशा पिकला. मॅडमही हसल्या. "माणसाला असं दुसऱ्याने ऑल्टर करता येत नाही हो, मावशी."

"तेच तर म्हणतेय मी. वीस वर्षं टाके घालतेय, उसवतच नाही मेला कुठून."

मग धाकटीची पाळी आली. तिने वाक्य पाठ करून आणलं होतं. पुढच्या बाकावरच्या मुलीसारखे हात मागे बांधून ती उभी राहिली. "माय मदर मेड अ कोट. माय सिस्टर विल ऑल्टर द कोट फॉर मी."

"वा! किती छान," मॅडम म्हणाल्या. "दोन वाक्यं आणि दोन्ही बरोबर."

धाकटी बसली आणि ताईच्या गुडघ्यावर हात ठेवून कुजबुजली, "आता तू."

ताईने गिऱ्हाइकाच्या पँटचं एक वाक्य तयार करून आणलं होतं. आखूड पँट, लांब मुलगा. उभी राहिल्यावर ते सापडेना. धाकटीचा हात नुकता जिथे होता तिथे गुडघा गरम लागत होता. सगळ्यांचे चेहरे वर झाले होते. मॅडमनी धीर द्यायला मान हलवली. "खरं वाक्य, ताई. साधं चालेल."

"आय ऑल्टर्ड द कोट," ताई म्हणाली.

"छान. कुणासाठी? फॉर हूम?"

"फॉर मी." आणि मग, जे वाक्य कुणी मागितलं नव्हतं तेही तिच्या तोंडून बाहेर पडलं. "आय कट इट."

"व्हेरी गुड," मॅडम म्हणाल्या, आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या, कारण ताई वर्गात पहिल्यांदाच न अडखळता बोलली होती. धाकटीने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती ताईच्या हातांकडे बघत होती.

जिन्यात ती एका पायरीवर थांबली. खालून कुणीतरी वर येत होतं, त्याला वाट द्यायला दोघी भिंतीला चिकटल्या. तो गेल्यावर धाकटीने विचारलं, "खरं वाक्य होतं?"

"हो."

"चल मग. दाखव."

दोघी थेट ताईच्या घरी आल्या. ताईच्या नवऱ्याने दोघींचे चेहरे पाहिले, चहाचं आधण ठेवलं आणि आपली घड्याळं उचलून तो आतल्या खोलीत गेला. ताईने खालचा खण ओढला, चादर बाजूला केली, कोट काढला. धाकटीने तो घेऊन आधी नाकाशी नेला. आईचा वास त्याला आता नव्हता, लाँड्रीच्या वाफेचा होता. मग तिने अंगातला स्वतःचा कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि एक हात हिरव्याच्या बाहीत घातला. दुसरा कोपराशीच अडला. जोर केला तशी खांद्याशी, मुंढ्याची शिवण करकरली. तिने हात काढून घेतला.

"माया असेल ना आत," ती म्हणाली. हे तिने स्वतःलाच सांगितलं असावं. मग डोळे मिटले, अस्तराची कड वर केली आणि कुशीच्या शिवणीतून बोटं फिरवली. लहानपणी फिरवायची तशीच, सावकाश, वरून खाली. ताई भिंतीला टेकून उभी होती. आई किती माया ठेवायची हे त्या बोटांना ठाऊक होतं. बोटं खालपर्यंत गेली, परत वर आली, दुसऱ्या कुशीत गेली. कातरलेली कड सगळीकडे सारखी होती, नखाएवढी.

"काही ठेवलं नाहीस," डोळे न उघडता धाकटी म्हणाली.

"नाही."

"नुसता लहान केला असतास तर मी हसले असते गं. म्हटलं असतं, उसव आता, आले मी." तिने डोळे उघडले. "कापलास कशाला?"

ताईच्या तोंडात सगळी उत्तरं तयार होती. लोकर जाड होती. फुगत होती. तू आली नाहीस. मी दमले होते. ती प्रत्येक आपल्या जागी खरी होती आणि एकही पुरेशी नव्हती.

"तुला परत घेता येऊ नये म्हणून," ती म्हणाली.

आत घड्याळाची टिकटिक चालू झाली आणि बंद पडली.

"आणखी एक आहे," ताई म्हणाली. एकदा टीप निघाली की दोरा ओढला जातो, तशी ती थांबू शकली नाही. "शेवटच्या आठवड्यात तिने मला सांगितलं होतं. धाकटीला कोट सैल करून दे म्हणून. तुझी पाठ तिच्यावर गेलीय म्हणून. मी तुला सांगितलं नाही."

धाकटी खुर्चीवर बसली. कोट तिच्या मांडीवर होता. "शेवटच्या आठवड्यात?"

"हो."

"तेव्हा तर मी फोन केला की ती झोपलीय म्हणायचीस."

"कधी झोपलेली असायची. कधी नसायची."

धाकटी रडेल असं ताईला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने कोटाची कॉलर बोटाने सरळ केली, पुन्हा केली. "दोन वर्षं मी धरून चाललेय, की ती माझ्यावर रागावून गेली. नवऱ्याला रात्री उठवून विचारायचे, खरंच रागावली असेल का रे? तो बिचारा काय सांगणार? आणि तुला माहीत होतं. तू इथे हा घालून फिरत होतीस आणि तुला माहीत होतं."

"हो."

"बोल ना काहीतरी. नुसतं हो काय?"

"काय बोलू? चुकले म्हटलं तर ते फार लहान होतं."

चहा उकळून भांड्याबाहेर गेला. जळका वास आला तशी ताई धावली, गॅस बंद केला, फडक्याने ओटा पुसला, आणि पुसतच राहिली. मागे वळली तेव्हा धाकटीने खुर्चीच्या पाठीवरचा आपला कोट उचलून टेबलावर ठेवला होता. तपकिरी, कोपरावर विरलेला, बाजारातला तयार कोट.

"यातली पट्टी काढ," ती म्हणाली. "कुशीत घाल. मुंढ्यापासून खालपर्यंत, बाहीच्या खालीही."

"हिरव्यात तपकिरी? अगं, लांबून दिसेल. मी शोधते, कुठेतरी मिळेल तसाच..."

"दिसू दे."

"लोक विचारतील."

"मी घालणार आहे, मला विचारतील. दिसू दे, ताई. तुलाच दिसू दे."

ताईने मशीनवरचं कापड काढलं. खडू घेतला, फूटपट्टी घेतली. धाकटी नुसत्या पातळ ब्लाउजवर हात पोटाशी धरून बसली होती. ताईचा नवरा आतून आला, त्याने आपला स्वेटर तिच्या खांद्यावर टाकला आणि परत गेला. ताईने तपकिरी कोटाची पाठ टेबलावर सपाट केली. रेघ मारली. कात्री उचलली आणि हात तसाच थांबला. आईची कात्री, लोखंडी, मुठीवर आईच्याच अंगठ्याने गुळगुळीत झालेली.

"काप ना," धाकटी म्हणाली. "येतं तुला."

ताईने कापलं. या वेळी त्या आवाजाकडे दोघींचंही लक्ष होतं.

संध्याकाळपर्यंत काम चाललं. टाचण्या लावताना ताईचा हात सारखा उशीकडे जात होता. तिसऱ्या-चौथ्या वेळी धाकटीने उशी उचलून निरखली. एका कडेला शिवण अजून ताजी होती आणि तिच्यातून हिरवी लोकर जराशी डोकावत होती. धाकटीने ती चिमटीत धरली, बघितली, आणि उशी होती तिथे ठेवली. त्याबद्दल ती काही बोलली नाही. ताईला वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं.

"आत किती ठेवू?" शेवटची टीप मारण्याआधी ताईने विचारलं.

"तू ठेव. मी बघते नंतर."

पुढच्या आठवड्यात फळ्यावर नवं क्रियापद होतं, आणि मॅडम त्याचा अर्थ सांगत असताना ताई मागच्यातच अडकून राहिली होती. वस्तू तीच राहते. वर्ग सुटल्यावर बेकरीवालीने धाकटीला अडवलं. "अगंबाई, हे काय नवीन? दोन रंगी?"

"नवीन नाही. आईचा आहे," धाकटी म्हणाली. "ताईने ऑल्टर केलाय." आणि कोपरानं वाट काढत ती जिना उतरू लागली.

रस्त्यावर थंडी होती. पूर्वी दोघी हात धरून चालायच्या. आता धाकटी दोन पावलं पुढे होती, आणि मागून, रुंद हिरव्या पाठीच्या दोन्ही कडांना, हात हलला की तपकिरी पट्टी दिसायची, हात खाली आला की मिटायची. ताईने पावलं भरभर टाकली असती तर तिला गाठता आलं असतं. ती मागेच चालत राहिली. गल्लीच्या तोंडाशी धाकटी थांबली, वळली नाही, नुसती थांबली. एक हात तिने कोटाच्या आत घातला होता, आणि ताईला काखेखालच्या शिवणीवरून तिची बोटं माया चाचपत सावकाश खाली उतरताना कापडाआडूनही दिसली.